मातीचे मावळे

पिरंगुटवरून उरवड्याच्या रस्त्याला वळले की पुणे मागे पडले, असे एकेकाळी म्हणता येत असे. आता तसे म्हणवत नाही. भाताच्या खाचरांना लागून कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि रस्त्याच्या कडेने बंगल्यांच्या जाहिराती. तरीपण दिवाळीच्या दिवसांत गावात शिरावे, तो दर दोन घरांआड एक किल्ला दिसतोच. विटांचे तुकडे, जुनी पोती, त्यांवर कालवलेली माती, तटावर पेरलेले हळीव आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. गेल्या दिवाळीत मी माझ्या चुलतबहिणीच्या सासरी गेलो होतो. तिच्या धाकट्याने बाजारातून मावळ्यांची पिशवी आणली होती. तीस-पस्तीस मावळे असतील. एकाच्या हाती भाला, दुसऱ्याच्या हाती तलवार, मिशा मात्र सर्वांच्या एकाच साच्यातल्या. पिशवीत एक गवळण, एक बैलजोडी आणि एक वाघही निघाला. त्या तिघांना त्याने पायथ्याशी कुठेतरी सरकवून दिले आणि एकूणएक मावळा तटावर चढवला. मग हात झटकून मला विचारले, "मामा, हे सगळे वीर होते ना?"

मामा या नात्याने मी "हो तर!" म्हणून गेलो. सणासुदीला भाच्याला दुसरे काय सांगायचे? पण तीस वर्षे मराठी वाङ्मयाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याच्या घशात ते "हो" थोडे अडकलेच. आपल्या पोवाड्यांनी, बखरींनी आणि कवितांनी या प्रश्नाला खरोखर काय उत्तर दिले आहे, हे एकदा तपासून पाहावे, असे तेव्हापासून मनात होते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला, आणि निमित्त मिळाले.

'वीर' हा शब्द हल्ली स्वस्त झाला आहे, अशी तक्रार करणारा मी पहिला नव्हे. २०२२ साली लष्करात चार वर्षांच्या भरतीची योजना आली, तेव्हा भरती होणाऱ्या तरुणाच्या हुद्द्याचेच नाव 'अग्निवीर' असे ठेवण्यात आले. त्या योजनेच्या गुणदोषांत मला शिरायचे नाही. तो माझा प्रांत नव्हे. माझे कुतूहल शब्दापुरते आहे. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे झाले. वीर ही पदवी होती, आणि ती मागाहून मिळत असे. पुष्कळदा ती घ्यायला माणूस उरलेला नसे. आता ती भरतीच्या दिवशी, बूट आणि गणवेश यांच्याबरोबरच हातात पडते. चार वर्षांनी चारांतले तीन घरी परततात. त्यांनी ती पदवी बुटांबरोबर परत करायची की काय, याविषयी शब्द बनवणाऱ्यांनी विचार केलेला दिसत नाही.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक सावधपणा दाखवला होता. वीररसाचा स्थायिभाव त्यांनी 'उत्साह' हा मानला. शौर्य मानला नाही, शस्त्र मानले नाही, हुद्दा तर नाहीच नाही. आणि वीराचे प्रकार सांगताना युद्धवीराबरोबर दानवीर, धर्मवीर आणि दयावीर यांनाही त्यांनी एकाच पंगतीला बसवले. म्हणजे लढणारा तो वीर ही व्याख्या आपल्या परंपरेत कधीच नव्हती. वीरांपैकी काही लढणारे असत, एवढेच. रसचर्चेची आपण पुष्कळ थट्टा केली आहे आणि तिने ती थोडीफार ओढवूनही घेतली आहे. परंतु ही एक गोष्ट तिने नेमकी ओळखली होती.

गावोगावच्या वीरगळांकडे पाहा. देवळाच्या आवारात, कधी पिंपळाच्या पारापाशी, कधी नुसताच बांधाला टेकून ठेवलेला दगड असतो. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये त्या पुरुषाला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बऱ्याच वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. हा मनुष्य गावची गुरे पळवणाऱ्यांच्या आड आला आणि मेला. तो कुणाच्या फौजेत होता की नुसता गुराखी होता, हे दगड सांगत नाही. बहुधा नावही सांगत नाही. त्याने काय केले ते सांगतो. शिल्पकाराला कृती महत्त्वाची वाटली, नोकरी नव्हे.

आता मावळ्यांकडे येतो. ज्या सिंहगडाच्या लढाईवर (४ फेब्रुवारी १६७०) तुळशीदास शाहिराने पोवाडा रचला, ती गोष्ट मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तानाजीने मुलाचे लग्न बाजूला ठेवले, रात्री कडा चढून गेला, उदेभानाशी झुंजताना पडला. मग काय झाले? आपण गोष्ट सांगताना या ठिकाणी जरा घाई करतो. सरदार पडला हे पाहून मावळे पळू लागले. ज्या दोरांवरून चढून आले, त्या दोरांकडे ते धावले. तेव्हा सूर्याजीने दोर कापले, आणि मावळे मागे फिरून लढले, गड आला. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पण त्या वाक्प्रचाराच्या पोटात पळणारी माणसे आहेत, हे आपल्या ध्यानातही राहत नाही.

इतिहासकारांनी या कथेतला कोणता भाग खरा आणि कोणता मागाहून चिकटलेला, हे खुशाल ठरवावे. मला तिच्यात लोकमनाची समज दिसते. ज्या समाजाने तानाजीला डोक्यावर घेतले, त्याच समाजाने आपल्या सर्वांत लाडक्या शौर्यकथेत मावळ्यांना भ्यायची मुभा दिली. कड्यावर चढताना जे वीर होते, ते दोराकडे धावताना वीर नव्हते, आणि दोर तुटल्यावर पुन्हा वीर झाले. एका रात्रीत, एका तासात तीनदा! वीरत्व ही अंगावर घातलेली बंडी नव्हे, ते येते आणि जाते, हे कथा सांगणाऱ्या आजीला माहीत होते. पोवाडा ऐकणाऱ्या खेड्यातल्या श्रोत्यालाही माहीत असणार, कारण त्या पळणाऱ्यांत त्याचा पणजोबा असू शकत होता. मला स्वतःला तानाजीपेक्षाही तो मावळा पाहावासा वाटतो, ज्याचा हात दोरावर पडणार होता आणि तिथे दोर नव्हता. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा कसा असेल? हे एखाद्या कादंबरीकाराने लिहायला हवे होते. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वजन शेरांनी मोजावे इतके आहे, पण त्या मावळ्याला कुणी चेहरा दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

प्रतापराव गुजरांची कथा याहून अवघड आहे. बहलोलखान उमराणीला कोंडीत सापडला असता त्यांनी त्याला सोडून दिले. महाराजांनी कडक शब्दांत कान उघाडणी केली. आणि २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी, नेसरीच्या खिंडीत, सरसेनापती अवघे सहा स्वार घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. कुसुमाग्रजांची त्यांच्यावरची कविता आणि मंगेशकरांचे सूर यांनी ते सात घोडे घरोघर पोचवले आहेत. ते गाणे लागले की अंगावर रोमांच उभे राहतात, माझ्याही राहतात. पण कवीने त्या दौडीला वेड म्हटले आहे, हे आपण ऐकत नाही. राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नव्हते. अशा वेळी राज्याचा सरसेनापती फौज मागे ठेवून मरणाच्या भेटीला जातो, हे सेनानीच्या दृष्टीने काय होते ते शाळकरी मुलालाही कळेल. ती शरमेने पोळलेल्या मनुष्याची दौड आहे. कविता त्या शरमेवरून हळुवार हात फिरवते; तिचा गाभा करुणाचा आहे आणि वीररस हा तिचा वेष आहे. आपण वेषाला टाळ्या देतो. खुद्द महाराजांनी मात्र दोन्ही गोष्टी ओळखल्या होत्या असे दिसते. त्यांनी दोष दिला होता, तो मागे घेतल्याचे कुठे नाही. आणि प्रतापरावांची कन्या राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. दोष दोषाच्या जागी राहिला, माया मायेच्या जागी. एवढा विवेक आपल्या समारंभांतून दिसता तर!

ज्यांच्या नावाने हे सारे चालते, ते स्वतः आपल्या सैनिकांविषयी काय मानत होते, याचा एक लखलखीत पुरावा उपलब्ध आहे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठवलेले पत्र वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दाणा-वैरण जपून वापरा, गवताच्या गंजीपाशी चुली पेटवू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि छावणी जळेल, इतक्या बारकाव्याने लिहिणारा राजा पुढे सांगतो की रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका. जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. नाहीतर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे होते. हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा वाटते, की यात सैनिकांवर जितका जीव आहे, तितकाच त्यांच्याविषयी सावधपणाही आहे. माझी माणसे आहेत म्हणून ती आपोआप चांगली, असे हा राजा एका ओळीतही धरून चालत नाही. हातात शस्त्र आणि पोटात भूक असलेला मनुष्य काय करू शकतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

आणि पुढच्या शतकात ते करून दाखवण्यात आले. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. सरकारी घोड्यावर बसणारा तो आपला बारगीर. त्याचा तिकडे 'बर्गी' झाला. बंगाली आया आजतागायत मुलाला झोपवताना ज्याची भीती घालतात, तो हाच. गंगाराम नावाच्या कवीने तेव्हाच्या लुटीवर बंगालीत काव्य लिहिले, त्याचे नाव 'महाराष्ट्रपुराण'. आपल्याकडे किल्ल्यावर चढवलेला स्वार तिकडे पाळण्याखालचा बागुलबुवा आहे. मूर्ती तीच, मिशा त्याच. म्हणून त्या स्वारांपैकी कुणीच शूर नव्हता असे थोडेच आहे? शौर्य असेलच. पण ते कशाला वाहिलेले होते हा प्रश्न शौर्याच्या पाठीमागून यायचा राहत नाही.

इथपर्यंत मी आबांना वाचून दाखवले. आबा म्हणजे बहिणीचे सासरे. बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, सतरा वर्षे नोकरी केली आणि परत येऊन भातशेती पाहू लागले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पाव्हणं, माझी सतरांतली अकरा वर्सं लंगरात गेली. रोज सव्वाशे माणसांची रोटी. मला कुणी शूर म्हटलं की मला पिठाचं पोतं आठवतं." मी हसलो. माझी बाजू भक्कम झाली असे मला वाटले. पण आबांचे संपले नव्हते. "पण मी सुट्टीवर यायचो तेव्हा यष्टीतला माणूस उठून जागा द्यायचा. ती मी घ्यायचो. का, सांगू? पोराला वर धाडतात तेव्हा त्याच्यावर कोणता दिवस येनार हे कुनालाच ठावं नसतं. तो मान म्हंजे उचल असती. आधी द्यायाची. काम मागनं."

उचल! ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला हंगामाआधी मुकादम देतो ती. या एका शब्दाने आबांनी माझ्या लेखाची अर्धी इमारत हलवली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मी आतापर्यंत मान आणि वीरत्व यांत गल्लत करीत होतो; आबा करीत नव्हते. जो मनुष्य एक दिवस लागलाच तर मरायला तयार आहे अशी सही करून जातो, त्याला बसमध्ये जागा देणे हा शुद्ध व्यवहार आहे, आणि तो न पाळणारा समाज कृतघ्न होय. पण उचलीची दुसरी बाजूही आबांना माहीत असली पाहिजे, कारण ते शेतकरी आहेत. उचल फेडावी लागते. ज्याला आपण आधीच वीर म्हणून टाकले, आणि ज्याच्यावर तो दिवस कधी आलाच नाही, तो वीस वर्षांनी घरी येतो तो एका न फिटलेल्या कर्जासह. त्याच्या वाट्याला गहू चाळणे आले, गाड्या दुरुस्त करणे आले, बर्फात पहारा आला. 'तिकडचं काहीतरी सांगा ना!' असे लोक म्हणतात, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे जे असते ते कुणालाच ऐकायचे नसते. मी आबांना तसे विचारले. ते म्हणाले, "म्हनून तर मी सांगत न्हाई." आणि उठून गोठ्याकडे गेले.

मराठी वाङ्मयाचा या बाबतीतला अपराध इथेच आहे, असे मला वाटते. त्याने वीर पुष्कळ रंगवले. शिपाई रंगवला नाही. पानिपतानंतर (१४ जानेवारी १७६१) सावकारी सांकेतिक भाषेत जे वृत्त दक्षिणेत आले, ते प्रसिद्धच आहे: दोन मोती गळाले, काही मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे आबा. १८९१ साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला, त्याचे नाव 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. नावातच सारे आले. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर आपल्या खेड्यांत संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. तिथली ४६ माणसे त्या युद्धात गेली. पाटी आकडा सांगते. ती माणसे कुणाच्या राज्यासाठी, किती पगारावर, कोणत्या दुष्काळातून उठून गेली, हे सांगणारी कादंबरी आपल्याकडे नाही. त्यांना वीर म्हणावे तर बादशहाची चाकरी आड येते. न म्हणावे तर गाव दुखावतो. मग आपण त्यांना आकडा म्हणतो, आणि पुढे जातो.

नावे कोरलेला एक स्तंभ मात्र पुण्यापासून जवळ आहे. भीमा कोरेगावच्या लढाईत (१ जानेवारी १८१८) पडलेल्यांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. महार शिपायांची ती नावे. तो स्तंभ उभारला कंपनी सरकारने, आपल्या विजयाच्या खुणेसाठी. पुढे १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. लढाऊ जात नव्हे, म्हणाले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर, सुभेदार रामजींचे चिरंजीव, त्या स्तंभापाशी गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसरे युद्ध अंगावर आल्यावर. लष्करी नोकरीने माणूस आपोआप वीर ठरत असता, तर ही चाळीस-पन्नास वर्षांची खटपट लागली नसती. कुणाला वीर मानायचे हे गावात जे ठरवीत, तेच छावणीतही ठरवीत होते. दगडावर नाव असूनही माणसाला दारात उभे राहावे लागले.

आपल्याकडे सैनिकांना जवळून पाहून लिहिणारा सर्वांत चांगला लेखक निघाला तो एक भिक्षुक, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. झाशीच्या राणीविषयी त्यांना अपार आदर आहे. पण झाशी पडल्यानंतरचे दिवस ते लपलेल्या घरातून पाहतात. आधी सोनेनाणे, मग भांडी, शेवटी धान्य, असा लुटीचा क्रमसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. बंदूक घेऊन दारात उभा असलेला शिपाई कसा दिसतो, हे माळ्यावर श्वास रोखून बसलेल्या माणसालाच कळते. गोडसे भटजींना कुणाचा गौरव करायचा नव्हता आणि कुणाचा धिक्कारही करायचा नव्हता; त्यांना घरी जायचे होते. म्हणून ते खरे लिहून गेले. त्यांच्यानंतर विश्राम बेडेकरांनी 'रणांगण' (१९३९) लिहिले, त्यात तर लढाईच नाही. बोटीवरून परतणारा चक्रधर आणि देशोधडीला लागलेली हॅर्टा. रणांगण हे नाव त्या बोटीला शोभते, हे बेडेकरांचे मोठेपण. पण शिपाई पुन्हा एकदा पानाबाहेरच राहिला.

आणि गंमत अशी, की खुद्द लष्कराची भाषा आपल्या साहित्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. शौर्यपदकाबरोबर जे मानपत्र येते, ते वाचावे. त्यात विशेषणे असतात, पण हाडे क्रियापदांची असतात. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी: दोन जखमी साथीदारांना, एकेकाला पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून, गोळीबारात, दोन खेपा करून अलीकडे आणले, मग एकट्याने परत जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स, एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता: रणगाड्यांसाठी वाट मोकळी करीत, सुरुंग काढीत, जखमी असताना सलग तीन-चार दिवस काम. हे परमवीरचक्र जिवंतपणी घेऊन घरी आले आणि पुढेही नोकरी करीत राहिले. असली चक्रे आजवर २१ दिली गेली आहेत. लाखो माणसे नोकरी करून गेली, त्यांतून एकवीस! लष्कर आपल्या सगळ्या माणसांना वीर मानत नाही, कारण ज्याला खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आहे, त्याला फरक माहीत असावाच लागतो. सरसकट वीर म्हणण्याची चैन आपल्यासारख्या, रेडिओशेजारी बसलेल्यांची.

ही चैन निरुपद्रवी असती, तर मी दिवाळीच्या अंकात एवढे खरडले नसते. या उरवड्यातच, ७ जून २०२१ रोजी, एका रासायनिक कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले. बहुतेक स्त्रिया होत्या. आसपासच्या घरांतून सकाळी डबा घेऊन निघालेल्या. त्याआधीच्या वर्षी आपण 'करोना योद्धे' हा शब्द घडवून थाळ्या वाजवल्या होत्या. या स्त्रियांना कुणी योद्धा म्हटले नाही. त्या 'दुर्घटनेत मृत' झाल्या. त्यांना वीर म्हणा, असे मी सुचवीत नाही. त्या लढायला गेल्या नव्हत्या, पगाराला गेल्या होत्या. पण त्यांच्या बाबतीत निदान एक प्रश्न विचारता आला: दार का उघडले नाही, ज्वालाग्राही माल तिथे का होता, जबाबदार कोण? डोंगरातल्या रस्त्यावरून लष्कराची गाडी दरीत पडते आणि चार-पाच पोरे जातात, तेव्हा आपण 'वीरमरण' म्हणतो, आणि गाडीचे ब्रेक कुणी तपासले होते हे विचारायचे राहून जाते. विचारणारा कृतघ्न दिसतो. शब्द मोठा झाला की त्याच्या सावलीत पुष्कळ लोक निवांत बसतात, आणि त्यांत मेलेल्या पोराची आई कधीच नसते.

मुळशीला हे नवे नाही. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ च्या रामनवमीला इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले, आणि लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले. फौज नव्हती, गणवेश नव्हता. मावळ्यांचे वंशज होते, बायाबापड्या होत्या, आणि अंगावर झेललेल्या काठ्या होत्या. १९२४ च्या अखेरीस बापटांनी शस्त्र घेऊन रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. ते बरोबर की चूक यावर त्यांच्याच सोबत्यांत मतभेद होते. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली. पण हरलेल्या सेनेने दिलेला 'सेनापती' हा किताब त्यांच्या नावाला १९६७ साली मृत्यू येईपर्यंत आणि नंतरही चिकटून राहिला. तो कोणत्याही भरतीच्या यादीवर मिळालेला नव्हता.

याच तालुक्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून हजारोंनी गोळा केल्या. त्यांत रामाचे नाव ठायी ठायी येते. पण सीतेच्या वनवासाचा विषय निघाला की जाते ओढणारी बाई सीतेच्या बाजूला जाऊन बसते आणि रामाला जाब विचारते. ज्याच्याहून मोठा वीर नाही, त्याला! तिने त्याची पूजा सोडलेली नाही. पूजा आणि प्रश्न एकाच पहाटे, एकाच जात्यावर चालतात. आमच्या टीकाकारांना हे साधले नाही. आम्ही एक तर आरती करतो, नाहीतर मूर्ती फोडतो.

आबा गोठ्यातून परत आले तेव्हा नातू किल्ल्यापाशी बसलेला होता. त्यांनी किल्ला सगळीकडून पाहिला आणि म्हणाले, "चांगला झालाय. पानी कुठाय वर?" पोराच्या ध्यानातच आले नव्हते. मग दोघांनी मिळून चमच्याने माथ्यावर एक टाके खोदले, त्यात प्लास्टिकचा तुकडा पसरला आणि तांब्याने पाणी ओतले. आबांनी तटावरचा एक मावळा उचलून टाक्याच्या काठाशी ठेवला. पोराने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या हातातला भाला साच्यातच ओतलेला होता, सुटणारा नव्हता.

"आजोबा, पाणी भरताना ह्यानं भाला कुठं ठेवायचा?"

"ठेवंल की बाजूला," आबा म्हणाले, "कोन नेतंय?"